झाकणावरचा हात

मी डबा बोलतोय. खाऊचा नाही, जेवणाचाही नाही. तळहाताएवढा, ॲल्युमिनियमचा, एका बाजूला वायरींचा जाडजूड जुडगा खोचलेला. कागदोपत्री माझं नाव भारदस्त आहे, इंजिन नियंत्रक की काय ते. पण ज्या गॅरेजात मी आलो तिथली मामी पहिल्या दिवसापासून मला डबा म्हणाली आणि तेच नाव चिकटलं. बोलतोय असं आत्ता म्हणतो खरा. ज्या क्षणी बोलायला हवं होतं त्या क्षणी मात्र मी मुकाट बसलो होतो. माझ्या आवाजात तुम्हाला काही जड वाटलं तर ते त्याचं समजा.

माझा जन्म एका पांढऱ्या, चकचकीत खोलीत झाला. तिथली माणसं डोक्याला टोप्या बांधून काम करायची आणि शिंक आली तर बाहेर पळायची. एवढी काळजी घेऊन त्यांनी मला घडवलं आणि कोऱ्या डोक्याने जगात पाठवून दिलं. माझ्या जातीचं असंच असतं. इंजिन किती जोरात फिरतंय, हवा किती आत आली, पाणी किती तापलं, तेलाचा दाब किती, हे सगळं मला वायरींतून कळतं. त्यावरून पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची ते मी ठरवतो. ठरवतो म्हणजे काय, शिकवलेलं करतो. ज्याने शिकवलं त्याचं शहाणपण ते माझं शहाणपण, आणि त्याची चूक ती माझी चूक.

मला शिकवलं भिंगरीने.

भिंगरी म्हणजे गॅरेजवाल्या मामाची भाची. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून मामानेच हे नाव ठेवलं होतं. कॉलेजसाठी मामाकडे राहायला आली, शिकली, पदवी घेतली आणि नोकरी शोधायच्या ऐवजी मामाच्या गॅरेजातच मुक्काम ठोकला. मामा इंजिनं बांधायचा. नवी नव्हे, जुनी. कोणीतरी पिळून काढलेलं, धूर ओकणारं इंजिन त्याच्या टेबलावर यायचं आणि महिन्याभराने तेच इंजिन घड्याळासारखं चालत बाहेर पडायचं. आणि मामी? मामी गाडी चालवायला शिकवायची. आठवडाभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून "ब्रेक, अहो ब्रेक, तो उजवा पाय कशाला दिलाय देवाने" असं ओरडायची आणि वर्षातून एकदा, डोंगररस्त्याच्या शर्यतीत, सगळा राग घरच्या छोट्या गाडीवर काढायची.

ती गाडी म्हणजे माझं घर. दोन माणसांची, बुटकी, इतकी हलकी की मामी म्हणायची, "पार्किंग नाही मिळालं तर काखोटीला मारून न्यावी." इंजिन लहान होतं, पण फिरायला लागलं की थांबायचं नाव घ्यायचं नाही. माझ्या जागी आधी जो डबा होता तो कारखान्यातून गाडीबरोबरच आलेला. इंजिन मिनिटाला सात हजार फेऱ्यांच्या वर जाऊ लागलं की तो पेट्रोल बंद करायचा. पुढे जा म्हणा, विनवण्या करा, ढिम्म. भिंगरी त्याला आजोबा म्हणायची.

"या आजोबांना घरी बसवायची वेळ झाली," ती एक दिवस म्हणाली आणि मला घेऊन आली. "मामा, तू इंजिन नव्याने बांध, आतलं सगळं मजबूत टाक. मी याला शिकवते. साडेआठ हजार फेरे सहज जाईल."

"सात पुरे आहेत की," मामा म्हणाला.

"पुरे आहेत म्हणूनच आपण दरवर्षी चौथे येतो."

"चौथी मी येते," मामी मधे पडली, "तुम्ही दोघं कडेला उभं राहून शेंगा खाता. साडेआठ तर साडेआठ. द्या बांधून."

मामाने बांधलं. आणि आता मला त्या गॅरेजातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिला ते 'दुसरा हात' म्हणायचे. एकाने आवळलेला प्रत्येक बोल्ट दुसऱ्याने स्वतः हात लावून तपासायचा. एकाने घेतलेलं माप दुसऱ्याने पुन्हा घ्यायचं. तपासून झालं की मोठ्याने म्हणायचं, "बघितलं." हे म्हटल्याशिवाय इंजिनाची किल्ली फिरवायची नाही. मामाच्या गुरूनेसुद्धा हे पाळलं होतं म्हणे. भिंगरी तिथे आल्यापासून मामाचा दुसरा हात तीच होती आणि तिचा दुसरा हात मामा.

माझ्या बाबतीत पंचाईत झाली. माझ्यात आवळायला बोल्टच नव्हता. होते ते पडद्यावरचे आकडे, तक्ते, हिरवे-राखाडी चौकोन. पहिल्या दिवशी मामा मोठ्या हौसेने भिंगरीच्या शेजारी स्टूल ओढून बसला.

"हे काय आहे?"

"पेट्रोलचा तक्ता."

"आणि हे आडवे आकडे?"

"मामा, सांगते नंतर. आत्ता मधे मधे बोलू नकोस, माझी लिंक तुटते."

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "तुला नाही कळायचं हे. राहू दे ना." फार कडवटपणे नाही म्हणाली. पण मामाने स्टूल उचलून जागेवर नेऊन ठेवलं आणि नंतर ते पुन्हा आणलं नाही.

भिंगरीचा उतावळेपणा मला मान्य आहे. पण मोठ्या माणसांबद्दलही मला एक सांगायचंय. न कळलेलं विचारायला यांना इतकं जड का जातं? तीनदा विचारलं, चौथ्यांदा विचारलं असतं तर काय कमी होणार होतं? आयुष्यभर दुसऱ्यांना "नीट बघ, पुन्हा बघ" म्हणून छळणारी ही माणसं स्वतःवर वेळ आली की मान डोलवून मोकळी होतात. आणि मग म्हणतात, हल्लीची पोरं काही सांगत नाहीत.

असो. गाडी रोलरवर चढवली गेली. म्हणजे चाकं रोलरवर फिरतात, गाडी जागच्या जागी, आणि इंजिनाची ताकद किती ते शेजारच्या पडद्यावर दिसतं. भिंगरी मला एकेक आकडा शिकवत होती. मी शिकत होतो, आणि खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती. सहा हजार, सात हजार, सात हजारांच्या पुढे, जिथे आजोबा कधी गेलेच नव्हते. आणि तेवढ्यात मी स्वतःच इंजिन बंद केलं.

त्याचं कारण असं. भिंगरीने मला आधी एक राखण शिकवली होती. तेलाचा दाब अचानक पडला तर विचारायचं नाही, थेट इंजिन बंद करायचं. तेलाशिवाय इंजिन म्हणजे लोखंडावर लोखंड. त्या दिवशी तेल ठीक होतं, पण दाब सांगणाऱ्या वायरीच्या टोकाचा खटका सैल होता. मला वाटलं दाब पडला. मी बंद केलं. पुन्हा चालू, पुन्हा बंद. चौथ्या वेळी भिंगरी वैतागली.

"गप बस की रे जरा," ती मला म्हणाली आणि पडद्यावरच्या त्या राखणीवर बोट टेकवलं. हिरवा चौकोन राखाडी झाला, म्हणजे राखण बंद.

मग इंजिन मोकळं सुटलं. साडेआठ हजार. पडद्यावरची रेघ वर वर गेली, मामाने टोपी काढली, मामीने भिंगरीला मिठी मारली, तिघंही हसत सुटले. नंतर भिंगरीने खटका घट्ट केला. चौकोन हिरवा करायचा राहून गेला.

शर्यतीच्या दिवशी सकाळी गॅरेजात दुसरा हात सुरू झाला. मामाने आवळलेले बोल्ट भिंगरीने तपासले. "बघितलं." चाकांचे नट, पेट्रोलच्या नळ्या, सगळं. "बघितलं, बघितलं." शेवटी माझी पाळी आली. भिंगरीने लॅपटॉप मामाकडे वळवला. पडद्यावर चौकोनांच्या रांगा होत्या, सगळे हिरवे आणि मधेच एक राखाडी.

मामाचा चष्मा खिशात होता. त्याने खिशाला हात लावला, पण चष्मा काढला नाही. एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा भाचीकडे. मग पुढे वाकून आपला ग्रीसने काळा झालेला हात माझ्या झाकणावर ठेवला.

"बघितलं," तो म्हणाला.

त्याने बघितलं नव्हतं. ते भिंगरीला समजलं. मला दिसत होतं तिचं तोंड, काहीतरी बोलायला उघडलेलं. मग ते मिटलं. तिला हायसं वाटलं, कारण आता समजावत बसायला नको. तिने लॅपटॉप बंद केला आणि माझ्या झाकणावर पाच बोटांचा काळा ठसा राहिला.

डोंगररस्त्यावर मामी छान चालवत होती. असं की शिकाऊ माणसांनी पाहिलं असतं तर त्यांनी फी परत मागितली असती. मग ते लांबलचक डावं वळण आलं. नवे चिकट टायर, हलकी गाडी, इंजिन आठ हजारांच्या वर. वळणाच्या जोराने इंजिनाखालच्या चेंबरमधलं तेल एका कडेला चढलं आणि पंपाच्या तोंडाशी काही उरलं नाही. दाब पडला. या वेळी खटका घट्ट होता. या वेळी ते खरं होतं.

मला कळलं. कुणाच्याही आधी मला कळलं. क्षणाच्या एका तुकड्यात मी इंजिन बंद करू शकलो असतो. पण मला सांगितलं होतं, गप बस. मी ठिणगी टाकत राहिलो, मोजून मापून, अगदी बिनचूक, शिकवल्याप्रमाणे. त्या बिनचूकपणाची मला आजही लाज वाटते.

बेअरिंग कोरडं पडून जाम झालं, कनेक्टिंग रॉड तुटला आणि इंजिनाच्या भिंतीतून बाहेर आला. तेल मागच्या चाकांखाली सांडलं. गाडी गरागरा फिरली आणि कडेला रचलेल्या टायरांवर जाऊन आदळली. मामीच्या खांद्याचं हाड मोडलं. तिला उचलून बाहेर काढलं तेव्हा ती म्हणाली, "वळण तरी झक्क घेतलं होतं ना?" आणि मग तिला भोवळ आली.

दुसऱ्या दिवशी मामाने इंजिन उघडलं. जळून काळं पडलेलं बेअरिंग त्याने बोटाने पुसून पाहिलं.

"बेअरिंगला फट कमी ठेवली मी," तो म्हणाला. "साडेआठ हजाराला ही फट पुरी पडली नाही. तेल शिरलंच नसणार."

"मापं मीही घेतली होती," भिंगरी म्हणाली.

"तू मापं तपासलीस. किती फट ठेवायची ते मी ठरवलं. ते माझं." तो उठला. "बायकोला मारलंच असतं मी काल."

तो गेल्यावर भिंगरीने मला लॅपटॉपला जोडलं. राखाडी चौकोन समोर आला. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली. मग तिने माझी वायर उपटली आणि मला जुन्या गॅस्केटांच्या खणात टाकून खण लोटला.

खणात माझ्या शेजारी आजोबा होते. त्यांना तेलाचा दाब कळतसुद्धा नव्हता. पण त्यांनी इंजिन तिथवर जाऊच दिलं नसतं. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

खणातून मी सगळं ऐकायचो. मामाने इंजिनाचं काम घेणं बंद केलं. गिऱ्हाईक आलं की सांगायचा, "आता फक्त चाकं आणि ब्रेक." मग तेही कमी केलं. घरी बसू लागला. एका दुपारी मामी हात झोळीत अडकवून गॅरेजात आली आणि भिंगरीसमोर बसली.

"तुझ्या मामाचं काहीतरी कर बाई. दिवसभर घरात फिरतो आणि दिसेल त्या बरणीचं झाकण आवळतो. साखरेची बरणी उघडायला मला शेजारीण बोलवावी लागते. त्यात मला एक हात."

भिंगरी हसली नाही.

"आणि तुझं काय चाललंय?" मामी म्हणाली. "तूही जेवत नाहीस. हाड माझं मोडलंय, चेहरे तुमचे उतरलेत. मला निदान कळू तरी दे, शिव्या कोणाला घालायच्या."

"मला घाल."

"घातल्या असत्या. पण तो म्हणतो त्याला घाल. तुमचं आधी ठरवा." ती उठली आणि दारातून मागे वळून म्हणाली, "उद्या पलीकडचा गॅरेजवाला येतोय. इंजिनाचं स्टँड आणि मापाची हत्यारं घेऊन जायला. तुझ्या मामाने त्याला देऊन टाकलीत. फुकट."

मामी गेली. मग खण उघडला. भिंगरीने मला बाहेर काढलं, टेबलावर ठेवलं, वायर जोडली. तिने फोन लावला. "मामा, गॅरेजात ये. चष्मा घेऊन ये."

मामा आला. "काय आहे?"

"दुसरा हात."

"कशावर? इंजिन कुठे आहे?"

"याच्यावर."

मामाने मला पाहिलं आणि सवयीने हात पुढे केला. तो माझ्या झाकणावर टेकणार, तेवढ्यात भिंगरीने त्याचं मनगट धरलं.

"असा नाही. बस."

तिने स्वतः जाऊन ते स्टूल आणलं. मामाने चष्मा लावला. भिंगरीने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. हा पेट्रोलचा तक्ता. हे आडवे आकडे म्हणजे फेरे. मामा चुकत होता, पुन्हा विचारत होता, आणि तिच्या आवाजाला मधूनच धार यायची. ती थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा सांगायची.

"म्हणजे गार असताना पेट्रोल जास्त. जुन्या गाडीला आपण चोक ओढायचो तसं."

"हो. तसंच."

"मग असं सांग ना. तक्ता तक्ता काय करतेस."

ती पहिल्यांदाच किंचित हसली. आणि लगेच गंभीर झाली, कारण पुढचा भाग चौकोनांचा होता. ती बोलायची थांबली. मामा एकटाच पुढे वाचू लागला, बोट पडद्यावर ठेवून. पाणी जास्त तापल्यास. पेट्रोलचा दाब कमी झाल्यास. बोट थांबलं.

"हा राखाडी का? बाकीचे हिरवे आहेत."

भिंगरीने लॅपटॉप त्याच्याकडे आणखी वळवला.

"बंद आहे का हा?"

"हो."

मामाने सावकाश वाचलं. "तेलाचा दाब कमी झाल्यास, इंजिन बंद." त्याने पुन्हा एकदा वाचलं, मनातल्या मनात. "कधीपासून?"

"रोलरवर असल्यापासून. मीच केला होता. परत लावायचा राहिला." तिने मामाकडे वळून सांगितलं. "तुझी फट बरोबर होती, मामा. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. आणि मी तुला तसंच घरी बसू दिलं."

मामा उठला. मला वाटलं आता निघून जाणार. तो नळाशी गेला आणि स्वच्छ असलेले हात धुवायला लागला. पुष्कळ वेळ धूत होता. परत आला तेव्हा हात पुसायचंही विसरला होता.

"शर्यतीच्या सकाळीही असाच होता हा? राखाडी?"

"हो."

"आणि मी बघितलं म्हणालो."

"तू नव्हतं बघितलंस, ते मला माहीत होतं."

"तुला माहीत आहे, हे मलाही माहीत होतं," मामा म्हणाला. "वाटलं, सांभाळून घेतेय पोरगी."

दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला माफ केलं नाही. तसा प्रश्नच आला नाही. दोघं त्या राखाडी चौकोनाकडे बघत बसली. दारात मामी कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक.

"म्हणजे हाड अर्धं अर्धं," ती म्हणाली. "बरं झालं, वाटणी झाली एकदाची. आता उठा. एकाने त्या पलीकडच्याला फोन करून सांगा की उद्या येऊ नकोस. आणि दुसऱ्याने घरी जाऊन साखरेची बरणी उघडा."

फोन मामाने केला. भिंगरी बरणी उघडायला गेली, पण मामाने आवळलेली ती तिलाही उघडेना. शेवटी मामालाच जावं लागलं.

आता मी पुन्हा गाडीत आहे. मामाने उरलेल्या बेअरिंगांची फट मोजली, ती बरोबर निघाली, तरी तो खूश झाला नाही. चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या जोडल्यात, वळणावर तेल एका कडेला पळू नये म्हणून. मामी अजून ही गाडी चालवत नाही. खांदा दुखतो म्हणते. मला वाटतं तिला भीतीही वाटते, पण ते ती या दोघांना कळू देणार नाही.

आज नवं इंजिन पहिल्यांदा सुरू होणार आहे. बोल्ट झाले, नळ्या झाल्या. आत्ता माझी पाळी चालू आहे. मामा चष्मा लावून स्टुलावर बसलाय आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचतोय. कासवालाही लाज वाटेल अशा गतीने. भिंगरी शेजारी उभी राहून टेबलावर बोटं वाजवतेय. तोंडातून चकार शब्द काढत नाही. तिला ते किती जड जातंय हे तिच्या बोटांवरून कळतं.

सगळ्या चौकोनांवरून त्याचं बोट फिरलं. सगळे हिरवे. त्याने चष्मा काढला.

"बघितलं," तो म्हणाला, आणि या वेळी त्याने मला हातसुद्धा लावला नाही.

किल्ली फिरायच्या आधी माझी एक विनवणी आहे. माझ्या झाकणावर तो जुना ठसा अजून आहे, पाच काळी बोटं. मघाशी भिंगरी फडकं घेऊन आली होती. तिने तो बघितला आणि फडकं बाजूला ठेवलं. उद्या दुसरं कुणी मला साफ करायला घेईल, तुमच्यापैकीही कुणी असेल. बाकी सगळा डबा हवा तेवढा चकचकीत करा. तेवढा ठसा पुसू नका.